इशा ते फजर

आकाशाकडे पाहण्याचे आपले दिवस वर्षातून मोजून तीन-चार. शाबानची २९, रमझानची २९, जिलकदची २९. त्या दिवशी मगरिबच्या आधीपासून गच्च्या भरतात, पोरं पाण्याच्या टाकीवर चढतात, म्हाताऱ्या डोळ्यांवर हाताची सावली धरतात. चांद दिसला की दुवा होते, मुबारकबाद होते आणि दहा मिनिटांत सगळे खाली उतरतात. कुणाला शेवयांची घाई, कुणाला मेंदीची. कोर मावळल्यावर जे आकाश उरतं, ते पाहायला गच्चीवर कुणी थांबत नाही. गेली सहा वर्षं मी त्या उरलेल्या आकाशाची छायाचित्रं काढते आहे.

मी सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. घरात दक्खनी, वर्गात उर्दू आणि लिहिणं-वाचणं मराठीत, असा माझा तिहेरी संसार आहे. ताऱ्यांचं वेड त्यात कुठून शिरलं हे सांगत बसत नाही. पण हे वेड आपल्या रोजच्या जगण्याला किती चिकटून आहे, ते मात्र सांगितलं पाहिजे.

मशिदीत नमाजच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो. तोच माझा फोटोग्राफीचा तक्ता. खगोलशास्त्रात सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की संध्याप्रकाश पुरता संपला असं धरतात आणि पहाटे तो पुन्हा १८ अंशांवर आला की रात्र संपली असं म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक तक्त्यांत इशा आणि फजरचा हिशेब याच १८ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे इशाची अजान झाली की माझं काम सुरू आणि फजरची अजान झाली की बंद. फजरनंतर काढलेल्या फ्रेममध्ये पार्श्वभूमी उजळत जाते आणि अंधूक गोष्टी तिच्यात बुडतात. चांदण्या रात्रीही या कामाला चालत नाहीत. त्यामुळे हिजरी महिन्याच्या २६-२७ पासून पुढच्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंतच्या रात्री माझ्या. आपल्या जुन्या फकीहांनी सुब्ह-ए-काजिब आणि सुब्ह-ए-सादिक असा फरक केला आहे. ती ‘खोटी पहाट’ म्हणजे सूर्यमालेतल्या धुळीवरून विखुरलेला सूर्यप्रकाश. मराठीत त्याला राशिचक्र प्रकाश म्हणतात. पूर्वेला उभ्या खांबासारखा तो फिका उजेड मी ऑक्टोबरात माझ्या नानीच्या गावी पाहिला आहे. शहरात तो दिसत नाही. आता आपल्याला खोटी पहाट ओळखताच येत नाही, कारण खरी रात्रच उरलेली नाही.

मी ज्यांची छायाचित्रं काढते त्यांना उर्दूत सहाबिया म्हणतात आणि मराठीत तेजोमेघ. सहाब म्हणजे ढग. लॅटिनमधल्या ‘नेब्युला’चा अर्थही तोच. तिन्ही भाषांना हे दृश्य पाहून एकच गोष्ट आठवली. अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ.स. ९६४ च्या सुमारास इराणमध्ये स्थिर ताऱ्यांवरचा ग्रंथ लिहिला. प्रत्येक तारकासमूहाचं चित्र त्यांनी दोनदा काढलं, एकदा आकाशात दिसतं तसं आणि एकदा गोलावर दिसेल तसं. त्यात देवयानी समूहाजवळच्या एका अंधूक डागाची नोंद आहे. दुर्बीण यायला अजून साडेसहाशे वर्षं होती. तो डाग ढग नसून आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी दीर्घिका आहे, हे एडविन हबल यांनी १९२० च्या दशकात सिद्ध केलं. अल-सूफींनी ‘हे काय आहे’ याचा दावा केला नाही. दिसलं तेवढं, दिसलं तिथे नोंदवलं. मला हा गुण फार मोठा वाटतो.

लोकांना वाटतं, तेजोमेघ टिपायला तोफेएवढी दुर्बीण लागते. तसं नाही. चंद्र आकाशात अर्धा अंश जागा व्यापतो. देवयानीतली ती दीर्घिका तीन अंश लांब आहे. मृगाच्या भोवती हायड्रोजनची जी कमान आहे, बर्नार्डची कमान म्हणतात तिला, तिचा पसारा तर दहा अंशांहून मोठा. या गोष्टी लहान नाहीत, अंधूक आहेत. त्यांना मोठं करून पाहायचं नसतं, त्यांचा प्रकाश साठवायचा असतो. म्हणून दुर्बिणीपेक्षा कॅमेऱ्याची साधी लेन्स बरी.

माझी लेन्स आमच्या गल्लीतल्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतली. १३५ मिलिमीटरची जुनी जपानी टाकुमार, एफ ३.५. तिने दोन पिढ्यांचे निकाह पाहिले असतील. खगोलशास्त्राचा खास कॅमेरा पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून वापरलेला घेतला, भिशीच्या पैशांतून. तो पाहून सासूबाई म्हणाल्या, “इत्ते पैसों में तो फ्रिज आता था गे.” मी म्हटलं, “अम्मी, ये भी फ्रिजच है.” ते काही खोटं नव्हतं. या कॅमेऱ्यात सेन्सर थंड करायची सोय असते. बाहेर १६ अंश असताना मी तो उणे १० वर ठेवते. सेन्सर तापलेला असला की प्रकाश नसतानाही खोटे ठिपके उमटवतो. सुमारे सहा अंश तापमान उतरलं की तो उपद्रव निम्मा होतो. शिवाय साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे एक काच असते. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश ती बराचसा अडवते आणि तेजोमेघ तर मुख्यतः त्याच प्रकाशात उजळलेले असतात. या कॅमेऱ्यात ती अडवणूक नाही.

जुनी लेन्स आणि नवा कॅमेरा जोडायचा कसा, हा खरा प्रश्न होता. लेन्सच्या मागच्या कडेपासून फिल्म ४५.४६ मिलिमीटरवर असावी, असा तिचा हिशेब. कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या तोंडापासून १७.५ मिलिमीटर आत. मधे उरले २७.९६. तेवढ्या जाडीची कडी हवी. फिल्टरची काच मधे आली की तिच्या जाडीच्या एक-तृतीयांशाइतका केंद्रबिंदू मागे सरकतो, तेही धरायचं. मी हे सगळं वहीत मांडून एका लेथवाल्या चाचांकडे गेले. त्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागाचे सुटे भाग कातण्यात गेलेलं. त्यांनी लेन्स हातात घेतली, आटे मोजायची पट्टी लावली आणि म्हणाले, “बाजी, दोनों बयालीस हैं, पन आटे अलग हैं. जबरदस्ती करे तो दो फेरे में फस जाता.” लेन्सचे आटे एक मिलिमीटर अंतराचे, कॅमेऱ्याचे पाऊण मिलिमीटरचे. व्यास एकच, जात निराळी. त्यांनी ॲल्युमिनियमची कडी कातून दिली, एका बाजूला एक पिच, दुसऱ्या बाजूला दुसरा. व्हर्निअरने मी तीन ठिकाणी जाडी मोजली. वर्गात व्हर्निअर शिकवते, पण त्याचा लघुतम माप इतका कामाचा असतो हे मुलींना त्या कडीवरूनच पटलं.

माझं आजोळ करमाळा तालुक्यातलं. नानीचं घर माळवदाचं. शेतात जाऊन बसायचा विचार सुरुवातीला होता, पण २०२० च्या डिसेंबरात त्या भागात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली, तेव्हापासून माळवदच बरं. मामू ट्रॅक्टरची बॅटरी वर आणून देतात. कॅमेरा, लेन्स आणि पृथ्वी फिरते त्या वेगाने उलट फिरणारं एक छोटं यंत्र त्या १२ व्होल्टवर चालतं. आकाश तासाला १५ अंश सरकतं. माझ्या चित्रातला एक ठिपका एवढा लहान, की यंत्र नसेल तर तारा अर्ध्या सेकंदाच्या आत त्यातून निसटतो. यंत्राचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपल्याकडे ध्रुव उत्तर क्षितिजापासून अठरा-साडेअठरा अंशांवर, हात लांब करून धरलेल्या वितीच्या जरा आत. पहिल्या रात्री मी मोबाइलमध्ये दिशा शोधत होते, तर नानीने जिना चढताचढता बोट दाखवलं, “वो क्या कुतुब तारा.” तिला चष्म्याशिवाय ताट दिसत नाही, पण कुतुब कुठे हे ठाऊक. तिच्या काळी रात्री विहिरीवर पाण्याला जाताना दिशा त्याच्यावरूनच धरत.

रात्री काय करतेस, असं लोक विचारतात. खरं म्हणजे फार काही करत नाही. लेन्सवरच्या ‘अनंत’ या खुणेवर विश्वास न ठेवता एखाद्या ठळक ताऱ्यावर फोकस करते, थंडीने तो हलला तर पुन्हा करते. मग दोन मिनिटांची एक फ्रेम, अशा रात्रभरात शंभर. एक फ्रेम उघडून पाहिली तर जवळजवळ काळीच. शंभर फ्रेम एकावर एक रचून सरासरी काढली की तेजोमेघ तसाच राहतो आणि दाणेदार खरखर दहाव्या हिश्शावर येते. शंभराचं वर्गमूळ दहा. खरखर आणखी निम्मी करायची तर चारशे फ्रेम हव्यात. थोडक्यात सांगायचं तर चौपट मशक्कत केल्यावर दुप्पट फळ मिळतं. हे गणित मी स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा एक सहकारी म्हणाले, “आपा, ये तो शिक्षण सेवक का हिसाब हुआ.”

पहाटे उजेड फाकला की पांढरी ओढणी लेन्सवर ताणून बांधते आणि आकाशाचे वीस-पंचवीस फोटो घेते. लेन्सच्या कडेचा अंधार आणि काचेवरची धूळ त्या फोटोंत उमटते. ती नंतर भागाकाराने काढून टाकता येते. झाकण लावून काढलेले काळे फोटोही लागतात. चित्र काढण्याआधी आपल्या साधनाचे दोष मोजून ठेवायचे, हा या छंदाचा पहिला धडा आहे.

पहिलं समाधानाचं चित्र मृगाचं. माझ्या चौकटीत ४.८ अंश मावतात. त्यात वर अलनितक आणि त्याच्या पायथ्याशी घोड्याच्या डोक्यासारखा काळा आकार, खाली मृगाचा मोठा तेजोमेघ. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर. आज आलेला प्रकाश तिथून निघाला तेव्हा इस्लामची पहिलीच शतकं चालू होती. मुलांना मी आधी नावं सांगितली. कमरेच्या पट्ट्यातले तीन तारे: अलनितक, अलनिलम, मिंतक. निताक म्हणजे कमरपट्टा. अलनिलम मुळात अल-निजाम, मोत्यांचा सर. आणि मिंतक म्हणजे मिंतका. त्यावर मागच्या बाकावरचा मुलगा ओरडला, “मिंतका हार्रा!” भूगोलाच्या पुस्तकात उष्ण कटिबंधाला हाच शब्द आहे. दोन्हीकडे अर्थ पट्टाच. मराठीत याच तीन ताऱ्यांना व्याधाने मारलेला बाण म्हणतात, हेही सांगितलं. अरबांनी तिथे पट्टा पाहिला, आपल्या शेजाऱ्यांनी बाण पाहिला. तारे दोघांचेही तेच.

ते घोड्याचं डोकं प्रथम दिसलं १८८८ मध्ये, हार्वर्ड वेधशाळेच्या काचेच्या प्लेटवर. पाहणारी होती विल्यमिना फ्लेमिंग. स्कॉटलंडहून अमेरिकेत आली, नवऱ्याने टाकली, वेधशाळेच्या संचालकांच्या घरी मोलकरीण झाली आणि पुढे त्याच वेधशाळेत प्लेटा तपासायला बसली. ही गोष्ट सांगताना वर्गात फार शांतता होती. आमच्या कितीतरी मुलींच्या आया घरकामाला जातात.

मग एकीने विचारलं, “आपा, ये असली है?”

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डोळ्यांना हा लाल रंग दिसत नाही. अंधारात आपले डोळे रंग ओळखत नाहीत. मग चित्र खोटं का? प्रकाश खरा, आकार खरा, फिका उजेड ताणून ठळक केला हेही खरं. कुठे किती ताणलं हे सांगितलं, तर चित्र खरं राहतं. पण आता संगणकाच्या अशा सोयी आहेत, की जिथे काही टिपलंच नाही तिथेही सुंदर तंतू भरून देतात. त्या मी वापरत नाही. चित्र माझ्याकडे अमानत आहे. त्यात माझ्या मनाचं काही मिसळलं तर ती खयानत झाली.

हे लिहिताना एक दुखरी गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या मोबाइलवर वर्षानुवर्षं एका तेजोमेघाचं चित्र फिरतं, लाल गुलाबासारखं, खाली कयामतच्या निशाणीचा मजकूर. ते चित्र हबल दुर्बिणीने १९९४ मध्ये घेतलेलं ‘मार्जार-नेत्र’ तेजोमेघाचं. त्यातले रंग शास्त्रज्ञांनी ओळखीसाठी दिलेले आहेत. ऑक्सिजनचा ६३० नॅनोमीटरचा प्रकाश, जो खरं तर लाल आहे, तो तिथे निळा दाखवलेला आहे. एका कार्यक्रमात मी एवढंच सांगितलं, तर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सुनावलं, “तुमचं ईमान कमजोर झालंय.” मी गप्प राहिले नाही. म्हटलं, “चाचा, माझं ईमान संगणकाने दिलेल्या रंगावर टेकलेलं नाही, म्हणूनच मला हे सांगायला भीती वाटत नाही.” त्यांना पटलं नाही. पण पुढच्या महिन्यात त्यांनीच नातीला शाळेच्या आकाशदर्शनाला पाठवलं, तेव्हा हिशेब मिटला.

असंच दुसरं. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी भाषणं होतात, की ‘कॅमेरा’ हा शब्द अरबी ‘कमरा’वरून आला. तो लॅटिनमधून आला, अर्थ खोली. इब्न अल-हैसम यांना या उसन्या मोठेपणाची गरज नाही. हजार वर्षांपूर्वी त्यांनी अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून ग्रहणातल्या सूर्याची प्रतिमा पाडली आणि ती कोरीसारखी कधी दिसते, कधी दिसत नाही, याचा हिशेब मांडला. ते खरं काम मुलांना करून दाखवता येतं. पुठ्ठा, टाचणी आणि ऊन एवढंच लागतं.

वारसा म्हटला की आपण थेट बगदादला जातो. वाटेत हैदराबाद लागतं, तिथे कुणी थांबत नाही. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये तिथे वेधशाळा उभारली, इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण मागवली. त्यांच्या निधनानंतर १९०८ मध्ये ती निजाम सरकारकडे आली आणि निजामिया वेधशाळा झाली. त्या काळी जगभरच्या वेधशाळांनी आकाश आपसांत वाटून घेऊन त्याचे फोटो काढायचं ठरवलं होतं. त्यात दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादने पुरा केला. वृश्चिकेचं डोकं त्यात येतं. काचेच्या प्लेटवरचे लाखो तारे तिथल्या माणसांनी एकेक करून मोजले. आमच्या शेजारचं तुळजापूर १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होतं. म्हणजे आकाशाचे फोटो काढणं ही आपल्या मातीतली आणि आपल्या माणसांची रीत आहे. मी काही नवं करत नाही.

आता त्या ‘असली है?’ विचारणाऱ्या मुलीविषयी. रात्री गावी यायला तिला घरून परवानगी मिळणार नव्हती, म्हणून मी फ्रेम शाळेत आणल्या. रचणी करायचा ‘सिरिल’ हा प्रोग्राम फुकट मिळतो. मधल्या सुट्टीत शाळेच्या जुन्या संगणकावर तिने ९४ फ्रेम एकेक तपासल्या. उपग्रहांच्या रेघा, ढगाचे पदर, हललेले तारे तिने वेगळे केले आणि वहीत लिहिलं: ११ रद्द, ८३ कबूल. प्रत्येक रद्द फ्रेमपुढे कारण.

दहावीच्या निकालानंतर तिचे अब्बा शाळेत आले. टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. एक स्थळ आलं होतं, मुलगा दुबईत. मी उपदेश केला नाही. त्यांना चित्र दाखवलं, मग एक सुटी, काळी फ्रेम दाखवली आणि तिची वही पुढे ठेवली. बराच वेळ ते वहीच पाहत होते. म्हणाले, “ये ग्यारा काय को निकाली?” मुलीने सांगितलं. ते म्हणाले, “हमारे यहाँ भी खराब धागा पहले निकालना पडता.” मग मला विचारलं, “बाजी, इसमें रोजी है क्या?” मी खरं ते सांगितलं. या छंदात नाही. पण जी मुलगी ९४ चित्रांतून ११ कारणांसह बाजूला काढते, तिच्या या सवयीला प्रयोगशाळेत, बँकेत, दवाखान्यात, कुठेही किंमत आहे. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. स्थळाला मात्र दोन वर्षं थांबायला सांगितलं. ते थांबले नाहीत.

ती आता अकरावी सायन्सला आहे. तिथे सगळं इंग्रजीत, वर्गात बोलणं मराठीत. उर्दूत पाठ केलेले शब्द एका रात्रीत परके झाले. उर्दू माध्यमाच्या मुलींची गळती परीक्षेत नापास झाल्यामुळे जितकी होते, त्याहून जास्त या शब्दांच्या उंबरठ्यावर होते. म्हणून आम्ही दोघींनी तीन रकान्यांची वही केली आहे. इन्इताफ, अपवर्तन, रिफ्रॅक्शन. कसाफत, घनता, डेन्सिटी. सहाबिया, तेजोमेघ, नेब्युला. दर जुम्म्याला ती नवे शब्द आणते, मी उर्दूचा रकाना भरते, मराठीचा ती स्वतः. आजवर २६० झाले. आठवी-नववीच्या मुलींनी ती वही उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे.

या हिवाळ्यात एकशृंग समूहातला गुलाबासारखा तेजोमेघ घ्यायचा आहे. आकाशात तो दोन चंद्रांहून रुंद, आणि त्याचा लाल रंग कुणी दिलेला नाही, हायड्रोजनचा स्वतःचा आहे. नोव्हेंबरात तो मध्यरात्रीच्या सुमाराला पुरेसा वर येतो आणि मग फजरपर्यंत वेळच वेळ. फ्रेम मी माळवदावरून आणीन. कबूल आणि रद्द करायला यंदा पाच मुलींनी नावं दिली आहेत.